लिमाच्या महापौराची खुर्ची शापित नाही

पेरूत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की एक वाक्य हमखास फिरू लागतं: लिमाच्या महापौराची खुर्ची शापित आहे, तिच्यावर बसलेला कधीच देशाचा राष्ट्राध्यक्ष होत नाही. पुराव्यादाखल नावांची माळ तयारच असते. बेदोया, बार्रांतेस, आंद्रादे, कास्तान्येदा. सगळे महापौर, सगळे उभे राहिले, सगळे पडले. कुणी जुना अपवाद दाखवलाच, तर उत्तर मिळतं की त्याला गरिबांच्या मतांनी तारलं. आणि शेवटचं शेपूट असं, की पडलेल्यांची देशपातळीवरची कारकीर्द फुकट गेली.

‘कधीच नाही’ हे तर धडधडीत चूक. मान्युएल पार्दोने 1865 मध्ये देशाचं अर्थखातं सांभाळलं, 1869-70 मध्ये लिमाचं महापौरपद, आणि 1872 मध्ये तो राष्ट्राध्यक्ष झाला. त्याला खुर्चीवर बसू द्यायचं नाही म्हणून गुतिएर्रेस बंधूंनी लष्करी बंड केलं. चिडलेल्या जमावाने त्यांतल्या दोघांची प्रेतं लिमाच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यांवर लटकवली. शापाची गोष्ट सांगणाऱ्यांना पार्दो आठवत नाही याचं मला नवल वाटतं.

दुसरा गियेर्मो बिलिंगहर्स्ट. जन्म 1851 चा, आरिका बंदरातला. सोऱ्याच्या धंद्यात पैसा कमावला, चिलीशी झालेल्या युद्धात लिमाच्या बचावासाठी लढला, 1895 नंतर राष्ट्राध्यक्ष पिएरोलाच्या राजवटीत उपराष्ट्राध्यक्ष झाला. म्हणजे आधी देशाचा कारभार आणि मग शहराचा. 1909 मध्ये महापौर झाल्यावर त्याने चिनी वस्तीतली ओताइसा नावाची गर्दीची गल्ली पाडून टाकली. स्वच्छतेच्या नावाखाली त्या वेळच्या चिनीविरोधी रोषालाच तो कौल होता. त्याच्या भक्तांनी हे वगळू नये.

आता गरिबांच्या मतांचं. 1912 च्या प्रचारात त्याच्या मिरवणुकीत पावांची चित्रं फिरली: बिलिंगहर्स्ट आला तर हा भला मोठा पाव पाच सेंताव्होला, त्याचा प्रतिस्पर्धी, साखरमळ्यांचा मालक आस्पियागा आला तर हा इवलासा वीस सेंताव्होला. त्यावरून लोक त्याला ‘पान ग्रांदे’, मोठा पाव, म्हणू लागले. (आपला पाव पोर्तुगिजांकडून आलेला, पेरूतला ‘पान’ स्पॅनिश, शब्द सख्खे चुलत भाऊच.) पण तो मतांवर जिंकला हे खरं नाही. कामगारांच्या संपामुळे मतदानच विस्कटलं आणि शेवटी त्याला निवडलं ते काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने. संप गरिबांचा होता, शिक्का संसदेचा. पुढे त्याने लिमाजवळच्या कायाओ बंदरातल्या गोदी कामगारांना आठ तासांचा दिवस दिला, संसदेशी भांडण विकोपाला नेलं, आणि 4 फेब्रुवारी 1914 रोजी कर्नल ओस्कार बेनाविदेसने त्याला हटवलं.

मग अलीकडचे का पडले? शापापेक्षा मतदारयादी बघावी. बिलिंगहर्स्टच्या काळात मतदार मूठभर होते, लिमा हलली की देश हलायचा. निरक्षरांना मताचा हक्क मिळाला तो 1979 च्या राज्यघटनेने. लुईस बेदोया रेयेस राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला 1980 मध्ये, म्हणजे यादी डोंगराळ भागातल्या लाखोंसाठी उघडली तेव्हाच. त्याची ओळख काय, तर महापौर म्हणून बांधलेला लिमाचा जलदगती रस्ता. दूर डोंगरातल्या पुनोच्या शेतकऱ्याला त्याचं काय! आल्फोन्सो बार्रांतेसने मुलांसाठी रोज दुधाचा पेला सुरू केला, आणि 1985 मध्ये तो दुसरा आला. पहिल्या फेरीत आलान गार्सिया इतका पुढे होता की बार्रांतेसने दुसऱ्या फेरीतून माघार घेतली. यात खुर्चीचा काय दोष?

कारकीर्द फुकट गेली म्हणणाऱ्यांनी बेदोयाचंच बघावं. 1963 मध्ये राष्ट्राध्यक्ष बेलाउंदेच्या मंत्रिमंडळात न्यायमंत्री. त्याआधी कित्येक दशकं महापौर सरकारच नेमायचं. बेलाउंदेने निवडणूक परत आणली आणि बेदोयाने ती जिंकली. समोर होती माजी हुकूमशहा ओद्रियाची बायको. 1966 मध्ये तो पुन्हा निवडून आला. 1968 च्या लष्करी उठावानंतर शहरांच्या निवडणुका 1980 पर्यंत बंदच राहिल्या. मधल्या काळात, 1978 च्या घटना समितीच्या 100 जागांपैकी 25 त्याच्या पक्षाने मिळवल्या. ज्या घटनेने निरक्षरांना मत दिलं, तीच ही घटना. म्हणजे आपल्याला पाडणारी यादी उघडण्यात त्याच्या पक्षाचाही हात होता.

आणि तो रस्ता. लिमाच्या पोटातून जमीन खोदून खाली उतरवलेला जलदगती मार्ग. लोकांनी त्याला ‘सान्होन’, म्हणजे चर, असं हिणवलं. (बेदोयाच्या नाकावरूनही ‘तुकान’ म्हणायचे, लिमाकर नावं ठेवण्यात पटाईत.) 2010 पासून त्या चराच्या मधोमध मेट्रोपोलितानो या शहराच्या जलद बससेवेच्या बस धावतात. रस्त्याला आता बेदोयाचं नाव आहे. लोक अजून सान्होनच म्हणतात.