कमरेखालची भूल आणि घरातली न सांगितलेली गोष्ट

"अरे, पूर्ण बेशुद्धसुद्धा केलं नव्हतं! हर्नियाचं ऑपरेशन, कमरेत इंजेक्शन, आणि पोरगा टेबलावरच दगावला. ही हलगर्जी नाही तर काय?" बाळ्याचा आवाज चढला.

सदाशिव पेठेतल्या आमच्या अमृततुल्यसमोर सध्या हाच विषय. गेलेला बाळ्याच्या सोसायटीतला, रोज पर्वती चढणारा. पोस्टमॉर्टेममध्ये हृदयाची भिंत प्रमाणाबाहेर जाड निघाली.

आमचा डॉक्टर भूलतज्ज्ञ आहे. तो म्हणाला, "कमरेखालची भूल म्हणजे सेफ, हे आधी डोक्यातून काढा. त्या इंजेक्शनने रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी उतरतं. निरोगी हृदय ते निभावून नेतं. भिंत जाड असेल, तर काही जणांत हृदयात रक्त कमी आलं की बाहेर जायची वाटच आवळते. ठोके वाढले की आणखी पंचाईत. अशांनाही भूल देता येते रे, पण आधी माहीत हवं. मग औषधं वेगळी, बीपीवर नजर वेगळी."

"ईसीजी तर नॉर्मल होता," बाळ्या.

"काहींचा असतो. भिंतीची जाडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, मोजता येते."

"मग सगळ्यांचाच इको करा!" नाना म्हणाले.

"नाना, हा आजार ५००त साधारण एकाला. सगळ्यांना रांगेत उभं केलं तर ज्याला खरंच गरज आहे तो मागे पडेल. म्हणून तर आम्ही विचारतो, कधी चक्कर येऊन पडलात का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का."

बाळ्या गप्प झाला. मग म्हणाला, "त्याचा काका तिशीत क्रिकेट खेळताना कोसळला होता. आदल्या दिवशी विचारलं तेव्हा आई 'नाही' म्हणाली. ऑपरेशनच्या तोंडावर अभद्र कशाला बोलायचं, म्हणून."

मला याचंच फार वाईट वाटतं. त्या माउलीला दोष कसा देणार? तो प्रश्न कशासाठी आहे, हे तिला कुणी समजावलंच नसेल. दोन मिनिटं बसून समजावायला हवं होतं, आणि याबाबतीत मी बाळ्याच्या बाजूने आहे.

"त्याला धाकटा भाऊ आहे ना?" डॉक्टरने विचारलं. "आईवडिलांपैकी एकाकडून हा दोष येत असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. त्याचा इको झालाच पाहिजे."

"तो हाफ मॅरेथॉनची तयारी करतोय," बाळ्या म्हणाला.

नानांचं मत, तेरावा होऊ दे. मी म्हटलं, नाही, उद्याच जायचं. डॉक्टरही येतोय.