नुसती वाळू

मे महिन्यात पक्षी बघायला गुहागरला जातो म्हटलं की ग्रुपमधले जाणकार हसतात. त्यांचं चूक नाही. ज्यांना आपण सरसकट सीगल म्हणतो ते कुरव तोवर निघून गेलेले असतात. तपकिरी डोक्याचे तर पार लडाख-तिबेटच्या सरोवरांकाठी विणीला.

मला मात्र मेच आवडतो. पहाटे आत्याच्या वाडीतून निघायचं, सुरूचं बन ओलांडायचं, की समोर लांबच लांब पुळण. सुकती लागलेली. ओल्या वाळूवर खेकड्यांनी काढून टाकलेल्या बारीक गोळ्यांची रांगोळी. उथळ पाण्यात एखादा समुद्र बगळा दारू प्यायल्यासारखा इकडून तिकडे धावत मासे उठवतो.

यंदा मर्यादवेलीजवळ टिटवीचं घरटं दिसलं. घरटं कसलं, शिंपल्यांच्या चुऱ्यातला खळगा आणि त्यात चार मातकट अंडी. अकराच्या उन्हात सुरूखाली बसून दुर्बीण लावली. टिटवी डबक्यात पोट भिजवून आली आणि अंड्यांवर बसली नाही, उभी राहिली. त्यांना सावली धरून. बराच वेळ.

आत्याला सांगितलं तर तिचा प्रश्न, "उंचावर घातलीन की सखलात?" उंचावर असली तर पाऊस जोरात, हा तिचा हिशोब. मी वाद घातला नाही.

तिसऱ्या दिवशी गाणी लावून एक मोठी गाडी पुळणीवर गोल गोल फिरत होती. चाकोरी अंड्यांपासून दोन वितींवर. टिटवी ओरडून बेजार. मी गाडी थांबवली. आतला मुलगा म्हणाला, "काका, इथे आहे काय? नुसती वाळू तर आहे!"

त्याच नुसत्या वाळूत ऑलिव्ह रिडले ही समुद्री कासवीण अंडी घालते. आगपेटीएवढं पिल्लू चाकोरीत पडलं की समुद्राकडे जायचं सोडून चाकोरीतूनच चालत राहतं. वेळासला 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कासवं वाचवायचं काम उभं केलं; आज तिथल्या कासव महोत्सवात माणसं दोरीमागे शहाण्यासारखी उभी राहतात. म्हणजे कळतं आपल्याला. फक्त टिटवीचा महोत्सव भरत नाही! माझं म्हणणं एवढंच, गाडी बनाच्या अलीकडे लावा. शंभर पावलं चाललात तर काही बिघडत नाही.

संध्याकाळी भरतीत तीच गाडी रुतली. ट्रॅक्टर बोलवावा लागला. मीही दोराला हात लावला, पण ओढायला लावली उलट्या बाजूने. टिटवी डावीकडे होती.