काळी उलटी चाखणारा डॉक्टर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका, टेक्ससचा डॉक्टर अ‍ॅशबेल स्मिथ याच्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली, म्हणून जरा लांबलचक लिहितोय. तुमचं म्हणणं, स्मिथने पेशंटची उलटी चाखली हा शुद्ध येडेपणा, नशिबाने वाचला आणि मी त्याला डोक्यावर घेऊन नाचलो, वर त्याच्याकडे गुलाम होते हे मी एका ओळीत उरकलं.

आधी उलटीचं बघू. १८३९ सालचं गॅल्व्हेस्टन म्हणजे नुकतंच वसलेलं बंदर, टेक्सस तेव्हा वेगळा देश होता, आणि तिथे पिवळ्या तापाची साथ आली. हा ताप पेशंटला शिवल्याने होतो की नाही यावर तेव्हा डॉक्टरांतच जुंपलेली होती. काळी उलटी म्हणजे पोटातलं रक्त, दिसायला कॉफीच्या चोथ्यासारखं, ती आली की माणूस बहुतेक गेलाच. ती याने ताजी असताना चाखली, एकदा नाही, बरेचदा, आणि साथीवरच्या स्वतःच्या अहवालात तसं लिहून ठेवलं. वाचला ते नुसत्या नशिबाने नाही हो, हा ताप एकाकडून दुसऱ्याला जातो तो डासामार्फत, आणि डाससुद्धा तापाच्या पहिल्या काही दिवसांतच विषाणू उचलतो, काळी उलटी येते ती बरीच नंतर. डास मात्र स्मिथला दिसला नाही हे खरं, ते क्युबातल्या डॉक्टर फिनलेने १८८१ मध्ये मांडलं आणि अमेरिकन लष्करी डॉक्टर वॉल्टर रीडच्या टीमने १९०० मध्ये सिद्ध केलं.

राजकारणात जाऊन डॉक्टरकी वाऱ्यावर सोडली हा तुमचा जाता जाता मारलेला टोमणा, तो काही खरा नाही. टेक्ससची मेडिकल असोसिएशन १८५३ मध्ये उभी राहिली त्यात हा होता आणि आमदार झाला १८५५ मध्ये.

गुलामांचं मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर, तिथे मी कच खाल्ली. एव्हरग्रीन हा त्याचा मळा गुलामांच्या घामावर चालायचा. गुलामी संपल्यावर १८६६ च्या ज्या विधानसभेने सुटलेल्या लोकांना पुन्हा जखडणारे कायदे केले, त्यातही हा आमदार म्हणून बसलेला होता. आणि दहा वर्षांनी काळ्या मुलांसाठी सरकारी कॉलेज काढायचं ठरलं तेव्हा नेमलेल्या तीन कमिशनरांपैकी एक हाच! ते टेक्ससमधल्याच प्रेअरी व्ह्यूला १८७८ मध्ये सुरू झालं, एका जुन्या मळ्याच्याच जागेवर, पहिल्या वर्षी पोरं फक्त आठ. याला पश्चात्ताप म्हणायचं की सरकारी नेमणूक आली म्हणून केलेलं काम, मला खरंच ठरवता येत नाही, तुम्हाला येत असेल तर सांगा.

मूळ लेखात हे सगळं आज रात्री घालतो आणि शीर्षकातला 'देवमाणूस' काढून टाकतो. उलटीचा पॅरा मात्र आहे तसाच राहणार.