म्हणे कंपनीची वेबसाइट कुठाय!

आज दुपारी साडेतीनला आमच्या इंटर्नशिप कोऑर्डिनेटर सरांनी माझं सर्टिफिकेट, भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये इंटर्नशिप केल्याचं, टेबलावरून माझ्याकडे परत सरकवलं. "हे चालणार नाही. वेबसाइट नाही, ऑफिशियल मेल आयडी नाही, जीमेल टाकलंय नुसतं. शनिवारपर्यंत दुसरं आण." आणि पुढच्याला हाक. २६ दिवसांची डायरी होती सोबत, रोजच्या रोज लिहिलेली, खाली सही-शिक्का. तिचं कव्हरसुद्धा उचललं नाही.

डोकं अजून ठणकतंय. मेसला गेलो आणि ताटावरून उठलो.

रांगेत माझ्यामागे आमच्याच मेकॅनिकलचा एक जण होता. त्याचं सर्टिफिकेट सोनेरी बॉर्डरचं, कोपऱ्यात क्यूआर कोड, विषय आर्टिफिशियल इंटेलिजन्स. १४९९ रुपये भरायचे, व्हिडिओ चालू करून ठेवायचे, शेवटी पीडीएफ येते. सरांनी क्यूआर स्कॅनसुद्धा केला नाही, दहा सेकंदांत सही. मी तिथेच उभा होतो. आणि मग सर माझ्याकडे बघून काय म्हणाले? "याच्याकडून लिंक घे, दोन दिवसांत होऊन जाईल."

लिंक घे! ज्या माणसाने बघायचं की पोरांनी काम केलंय की नाही, तो माणूस मला सांगतोय की काम केलेलं फेकून दे आणि विकत घेऊन ये. वर आवाजात मदत केल्याचा भाव. मला त्या क्षणी ती डायरी त्यांच्या टेबलावर आपटावीशी वाटली. आपटली नाही, कारण टर्मवर्कचे, म्हणजे वर्षभराच्या कामाचे कॉलेजने द्यायचे मार्क त्यांच्याच हातात आहेत आणि हे त्यांनाही चांगलं माहीत आहे.

ते वर्कशॉप मला कसं मिळालं ते विचारायचं तरी. डिपार्टमेंटने कंपन्यांची यादी दिली होती, तिच्यातले निम्मे फोन बंद. मग फाइल काखोटीला मारून भोसरी एमआयडीसीत तीन दिवस पायी फिरलो. जे ब्लॉक, टी ब्लॉक, जिथे गेट दिसेल तिथे. वॉचमनच्या वहीत नाव लिहायचं, "साहेब मीटिंगमध्ये आहेत" ऐकायचं, पुढचं गेट. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एका शेडच्या मालकांनी आत बोलावलं. कॉम्प्युटरवर चालणारी कटिंग मशीनं, दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी, मागे जुना हाताने चालवायचा लेथ, सगळी मिळून आठ माणसं. काका म्हणाले, "पगार नाही देऊ शकत रे. पण उभं राहून शिकायची तयारी असेल तर उद्या आठला ये." महिनाभर नऱ्ह्याहून दोन बस बदलून आठला पोचलोय मी.

नवव्या दिवशी बुशचा, म्हणजे मधे भोक असलेल्या छोट्या नळीसारख्या पार्टचा लॉट लागला होता. आतलं भोक, म्हणजे बोअर, २५ एच७: २५ मिलिमीटरवर फरक चालणार तो शून्य ते अधिक २१ मायक्रॉन, एवढीच जागा. बोअर थोडं कमी येत होतं. ऑपरेटर मामांनी ऑफसेट, म्हणजे टूल किती सरकवायचं तो आकडा, मला मशीनमध्ये टाकायला सांगितला. ०.०४ टाकायचा होता, मी टाकला ०.४. पीस बाहेर आला, मामांनी कूलंट पुसलं, भोक तपासायचा प्लग गेज घेतला आणि त्याची नो-गो बाजू लावली. जी अडायला हवी ती सरळ आत गेली. माझे कान गरम झाले. मामा ओरडले नाहीत. तो बुश माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "ठेव तुझ्याकडं. परत टिंब चुकणार नाहीस." एच७ मी दोन सेमिस्टर पाठ करत होतो. ते म्हणजे काय हे त्या दिवशी कळलं. शेवटच्या दिवशी काकांनी पाकिटात २००० रुपये घालून दिले, मी नको म्हणत असताना. आणि सर्टिफिकेट द्यायचं म्हणून कपाटातून नवं लेटरहेड काढलं, हात पुसून.

त्या लेटरहेडवर वेबसाइट नाही, म्हणून ते खोटं? जीएसटी नंबर आहे. लघुउद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी आहे. एआयसीटीई, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजांवरची केंद्राची संस्था, तिचं इंटर्नशिप धोरण २०१९ मध्ये आलं, पदवीच्या काळात ६०० ते ७०० तास इंटर्नशिप व्हावी असं त्यात आहे, आणि कुठे करायची त्यात लघुउद्योगसुद्धा आहेत. मी हे सरांना सांगितलं. "आमचा कॉलेजचा फॉरमॅट आहे," म्हणाले. चाकणला ज्या गाड्या बनतात त्यांचे सुटे भाग कुठून येतात असं वाटतं यांना? अशाच पत्र्याच्या शेडमधून येतात. त्या काकांना वेबसाइट काय करायची आहे? त्यांच्याकडे ऑर्डर पार्ट बघून येते.

आणि हेच कॉलेज, ज्याने इंटर्नशिपला जायची साधी एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, द्यायला ११ दिवस घेतले. क्लार्क रजेवर, मग एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, रजेवर, मग शिक्का सापडेना. ११ दिवसांत दोन कंपन्यांनी दुसरी पोरं घेतली.

मला त्या १४९९ वाल्याचा राग नाही, हे स्पष्ट सांगतो. त्याचे वडील शेती करतात. बिनपगारी महिना पुण्यात काढायचा म्हणजे कॉट बेसिसचं भाडं, मेस, बस, सगळं घरून मागवायचं. त्यापेक्षा १४९९ स्वस्त पडतात. त्याला दुसरा रस्ता कुणी ठेवलाय? पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४ मध्ये आली तेव्हा तिच्यात महिन्याला ५००० होते, पण पूर्णवेळ शिकणाऱ्यांना ती बंद होती. राज्याच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही शिक्षण चालू असलेला बसत नाही. मग आम्ही कुठे जायचं?

आमच्या वर्गातली एक मुलगी तर माझ्यापेक्षा जास्त गेटवर फिरली. पाच ठिकाणी एकच उत्तर, "शॉपवर मुली घेत नाही, लेडीज टॉयलेट नाही." तिला मशीनवरच काम करायचं होतं. शेवटी तिनेही पीडीएफ घेतली. घेताना रडली. कॉलेजने त्या पाचांपैकी एकाला तरी फोन केला असता!

पुढच्या वर्षी कॅम्पसला कंपनी येईल, टाय लावून रांगेत बसवतील, आणि समोरचा माणूस त्या सोनेरी सर्टिफिकेटवर दुसरा प्रश्न विचारेल तेव्हा पोरगं गप्प बसेल. मग हेच सर सेमिनार हॉलमध्ये माइक घेऊन म्हणणार, तुमच्यात प्रॅक्टिकल नॉलेज नाही. मागच्या बॅचला म्हणाले होते, मी मागच्या रांगेत होतो.

संध्याकाळी काकांचा फोन येऊन गेला, "झालं का रे जमा?" मी म्हणालो, सोमवारी होईल. त्यांना काय सांगणार होतो?

लिंक मी घेणार नाही. शनिवार जाऊ दे. सोमवारी एचओडींच्या केबिनमध्ये जाणार आहे. डायरी, उद्यमच्या नोंदणीची प्रत, धोरणातलं ते पान, आणि तो रिजेक्ट बुश. आधी डायरी उघडायला लावणार, मग बाकीचं बोलू.