ठिबकची गळती डिंकाने थांबत नाही : फिरत्या संदेशातील दाव्यांचा प्रतिवाद

ऊन तापू लागले की परसबाग आणि गच्चीवरची बाग सांभाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक लांबलचक संदेश फिरू लागतो. घरच्या बागेतील ठिबक संचाची गळती ‘दहा रुपयांत कायमची’ थांबवण्याचा दावा त्यात केलेला असतो. संदेशाचा गोषवारा असा : नळीला छिद्र पडले तर त्यावर फेविक्विकचा थेंब टाकून सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधावी आणि सांधा गळत असेल तर पीव्हीसीचे सोल्युशन लावावे; बारीकसारीक गळतीकडे लक्ष देऊ नये, कारण ते पाणी झाडालाच मिळते आणि मुळात ठिबकचा शोधही गळतीतूनच लागला आहे; शेवटच्या कुंड्यांना पाणी पोचत नसेल तर दाब वाढवावा; महिन्यातून एकदा अ‍ॅसिड सोडावे, म्हणजे नळी गळतच नाही; आणि एवढे करूनही गळली, तर नळीचे आयुष्य संपले असे समजून ती सगळी बदलावी.

यातला एकही उपाय हवेतून काढलेला नाही. पंक्चरची पट्टी सायकलच्या ट्यूबला चालते, सोल्युशन पीव्हीसीच्या पाइपला चालते, अ‍ॅसिड क्षारांवर चालते. औषधे खरी आहेत, पण ती दुसऱ्याच आजाराची आहेत, आणि नेमके त्यामुळेच वाचणाऱ्याला ती पटतात.

डिंकाच्या दाव्याकडे आधी पाहावे लागेल, कारण सर्वाधिक नुकसान त्यानेच होते. ठिबकची काळी लॅटरल नळी (मुख्य पाइपवरून निघून झाडांजवळून जाणारी बारीक नळी), मग ती १२ मि.मी.ची असो वा १६ मि.मी.ची, पॉलिथिनची असते. पॉलिथिनचा पृष्ठभाग असा असतो की नेहमीचा कोणताही डिंक त्यावर नीट पसरत नाही आणि त्याला धरूनही राहत नाही. फेविक्विक असो वा एम-सीलसारखी मळून लावायची लुगदी, ती नळीवर सुकते, कडक होते आणि पाहणाऱ्याला भक्कम वाटते. पण कडेला नख घालून उचलली की तिचा पापुद्रा अख्खाच्या अख्खा सुटून हातात येतो आणि खाली नळी होती तशीच तुकतुकीत दिसते. त्यातून नळी लवचिक आणि लुगदी ताठ, त्यामुळे पाणी सुरू होऊन नळी थोडी फुगली किंवा कोणाचा पाय लागून वाकली, की दोघींची फारकत होते. पीव्हीसीच्या सोल्युशनचे काम तर चिकटवण्याचे नसतेच. ते पीव्हीसीचा वरचा थर विरघळवते आणि दोन तुकडे एकजीव करते. पॉलिथिन त्यात विरघळत नाही, म्हणून मुख्य पाइपच्या पांढऱ्या किंवा करड्या सांध्यावर जे सोल्युशन रामबाण ठरते, ते काळ्या नळीवर निव्वळ वाया जाते. ट्यूबच्या पट्टीबद्दल एवढे मान्य केले पाहिजे की ती ताणून घट्ट गुंडाळली तर काही दिवस गळती आवरते, आणि रविवारी दुपारी दुकान बंद असताना तेवढे पुरेसेही असते. संदेशात मात्र ‘कायमची’ हा शब्द आहे. उन्हात रबर तडकते, गाठ सैल होते आणि पुढची गळती पट्टीच्या आतून, डोळ्यांना न दिसता सुरू होते.

ठिबकची खरी दुरुस्ती डिंकावर अवलंबून नसते, ती पकडीवर अवलंबून असते. फुटलेला भाग दोन्ही बाजूंनी चांगली नळी लागेपर्यंत कापून टाकायचा आणि दोन्ही टोके जॉइनरने, म्हणजे दोन्हींत घुसणाऱ्या प्लास्टिकच्या जोडतुकड्याने, जोडायची, इतकेच तिचे स्वरूप आहे. पण ती फसते ती बारकाव्यांत. काप धारदार कात्रीने किंवा ब्लेडने काटकोनात घ्यावा. तिरका काप घेतला तर नळी जॉइनरच्या खांद्यापर्यंत एका बाजूला पोचते आणि दुसऱ्या बाजूला उघडी राहते. टोक गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवले की ते मऊ पडते आणि जॉइनरच्या दातऱ्या कडा ओलांडून शेवटपर्यंत सरकते; गार झाल्यावर तेच टोक त्या कडांवर आवळून बसते. मेणबत्तीची किंवा लायटरची ज्योत दाखवण्याची सवय अनेकांना आहे, पण ज्योतीने नळीची एक बाजू पातळ होते आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथेच चीर पडते. तेल लावून टोक सरकवणेही टाळावे, कारण ज्याने ते सहज आत गेले त्यानेच ते सहज बाहेरही येते.

ऑनलाइन ड्रिपरच्या, म्हणजे नळीला भोक पाडून बाहेरून बसवलेल्या थेंब सोडणाऱ्या तोटीच्या, मुळाशी होणारी गळती हा निराळा प्रकार आहे, आणि संदेशात तिचा उल्लेखच नाही. घरच्या बागांत या गळतीचे मूळ बहुतेक वेळा तापवलेल्या खिळ्यात सापडते. पंच (नळीला गोल भोक पाडायचे हत्यार) हाताशी नसतो, म्हणून खिळा तापवून नळीला भोक पाडले जाते. ते लांबट होते, त्याच्या कडेला वितळलेल्या प्लास्टिकचा उंचवटा राहतो आणि ड्रिपरचा काटेरी देठ तिथे कधीच नीट बसत नाही. ड्रिपर काढून नळीवर भोकाच्या भोवती बोट फिरवले की तो उंचवटा हाताला लागतो. अशा भोकात नवा ड्रिपर बसवून काही साधत नाही. गोल आणि लहान भोक बुजवायला ठिबकच्या दुकानात मिळणारे छोटे प्लास्टिकचे बूच पुरते. लांबट भोक असेल तर तेवढा तुकडा कापून जॉइनर घालणेच बरे. ड्रिपरसाठी नवे भोक बोटभर अंतरावर पंचाने पाडावे. पीव्हीसीच्या मुख्य पाइपवरून लॅटरल जिथे निघते, तिथल्या रबरी ग्रोमेटलाही (भोकात बसवायच्या रबरी कडीलाही) हेच लागू आहे : भोक ड्रिलने गोल पाडलेले आणि कडा घासून साफ केलेल्या असतील तर ग्रोमेट वर्षानुवर्षे टिकते, एरवी टेकऑफच्या (ग्रोमेटमध्ये बसून लॅटरलला जोडणाऱ्या तुकड्याच्या) बुडाशी सदैव ओल दिसते.

आता ‘थोडी गळती झाडालाच मिळते’ हा दावा. त्याच्या पुष्टीसाठी दिलेली गोष्ट खोटी नाही. इस्रायलमधील जलअभियंता सिम्चा ब्लास यांना १९३०च्या दशकात एक झाड आजूबाजूच्या झाडांपेक्षा ठळकपणे मोठे झालेले आढळले. शोध घेतल्यावर त्याच्या मुळाशी पाइपचा सांधा थेंब थेंब गळत असल्याचे दिसले, असे सांगितले जाते. पण त्या गोष्टीतून ब्लास यांनी पाइप गळू द्यावेत असा निष्कर्ष काढला नाही. पाणी किती सुटावे हे ठरवणारा ड्रिपर तयार करण्यात त्यांची पुढची वर्षे गेली, आणि १९६५मध्ये हात्झेरिम या किबुत्झने (इस्रायलमधील सामुदायिक वसाहतीने) त्याचे उत्पादन हाती घेतले. ड्रिपरच्या आत पाण्याला वळणावळणाच्या अरुंद वाटेने जावे लागते आणि त्यात त्याचा जोर खर्ची पडतो, म्हणून ताशी ४ लिटर म्हणजे जवळपास तेवढेच पाणी मिळते. छिद्रात अशी वाट नसते.

फरक किती पडतो, हे साध्या गणिताने काढता येते. टाकीतील पाण्याची पातळी बागेपेक्षा ३ मीटर उंच आहे आणि नळीला २ मि.मी. व्यासाचे एकच छिद्र आहे असे धरले, तर त्यातून ताशी सुमारे ५० लिटर पाणी निघते. ज्या ड्रिपरवर ताशी ४ लिटर असे लिहिलेले असते, तो आकडा साधारण १ किलो दाबाचा, म्हणजे १० मीटर उंचीचा असतो. ३ मीटरवर तोच साधा ड्रिपर जेमतेम सव्वादोन लिटर देतो. म्हणजे वीस कुंड्यांचे वीस ड्रिपर मिळून ताशी ४५ लिटरच्या आसपास, आणि ते एकटे छिद्र त्याहूनही जास्त. उंदराने किंवा खारीने कुरतडलेले भोक २ मि.मी.वर थांबत नाही, हेही लक्षात घ्यावे. हे पाणी ‘झाडालाच’ मिळते म्हणावे, तर ते मिळते एका झाडाला, तेही त्याच्या मुळांना हवा मिळू नये इतके. आणि गच्चीवर तर ते स्लॅबला मिळते.

छिद्राचा आणखी एक उपद्रव पाणी बंद केल्यावर सुरू होतो. नळी रिकामी होताना सखल बाजूकडे पाणी ओढले जाते आणि जमिनीला टेकलेल्या छिद्रातून चिखल आत शोषला जातो. फिल्टर मागे राहिलेला असतो, त्यामुळे ही माती थेट पुढच्या ड्रिपरमध्ये जाऊन बसते. ‘थोड्या’ गळतीनंतर महिन्याभराने दोन-तीन ड्रिपर बंद पडतात आणि मग दोष ड्रिपरला दिला जातो.

दाब वाढवण्याचा सल्ला याच्याच जोडीने तपासायला हवा. साध्या ड्रिपरमधून आणि छिद्रातून निघणारे पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दाब दुप्पट केला तर दोन्हींतून सुमारे ४१ टक्के जास्त पाणी येते. शेवटच्या कुंडीला थोडे अधिक पोचेल हे खरे, पण छिद्राचा वाटा तेवढाच राहील आणि वाया जाणारे पाणी दीडपटीच्या जवळ जाईल. दाब-नियंत्रित ड्रिपर असतील तर चित्र आणखी वाईट होते, कारण ते एका मर्यादेनंतर पाणी वाढूच देत नाहीत आणि वाढीव दाबाचा सगळा लाभ छिद्राला होतो. शिवाय घरगुती लॅटरल नळ्या साधारण २ ते अडीच किलो दाबासाठी केलेल्या असतात, आणि बूस्टर पंप जोडून व्हॉल्व्ह एकदम उघडला की क्षणभराच्या धक्क्याने आधी कच्चे सांधेच निसटतात. शेवटच्या कुंडीला पाणी कमी पडत असेल तर पंप बघण्याआधी पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली एकेक भांडे ठेवून पंधरा मिनिटांनी पाणी मोजावे. दोन्हींत बराच फरक दिसला तर फिल्टर धुवावा, नळी शेवटचे टोक उघडून धुऊन काढावी आणि वाटेतली ओल शोधावी. सगळीकडेच सारखे कमी पाणी असेल तरच दाबाचा विचार करावा.

अ‍ॅसिडबद्दल थोडक्यात. बोअरच्या कठीण पाण्याने ड्रिपरमध्ये पांढरे क्षार साचतात आणि ते विरघळवण्यासाठी शेतकरी अ‍ॅसिड प्रक्रिया करतात, ती योग्यच आहे. पण ती चोंदण्यावरची प्रक्रिया आहे. ड्रिपर चोंदल्याने नळीतला दाब वाढतो आणि म्हणून ती फुटते, हे संदेशातील स्पष्टीकरण वरच्या टाकीवर चालणाऱ्या बागेला लागूच पडत नाही, कारण तिथला दाब टाकीच्या उंचीने ठरतो, त्यापलीकडे जात नाही. उलट, क्षारांनी आपोआप बुजलेली एखादी फट अ‍ॅसिडने मोकळी होऊ शकते. दर महिन्याला घरच्या कुंड्यांत अ‍ॅसिड सोडण्याचे तर कारणच नाही. ज्यांना ते खरोखर वापरायचे आहे त्यांनी अ‍ॅसिड पाण्यात ओतावे, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीही ओतू नये; आणि ब्लीचिंग पावडरशी त्याचा संबंध येऊ देऊ नये, कारण दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो. एवढी धोक्याची बाब संदेशात एका ओळीनेही आलेली नाही, हा त्याचा सर्वांत गंभीर दोष आहे.

राहिला सगळी नळी बदलण्याचा मुद्दा. नळीचा एक सांधा निसटला म्हणजे नळी संपली असे होत नाही. काळी नळी उन्हात चांगलीच तापते आणि लांबते. १० मीटरची नळी पहाटेच्या १५ अंशांपासून दुपारच्या ६० अंशांपर्यंत तापली तर तिची लांबी ८-९ सें.मी.ने वाढते आणि गार झाल्यावर तितकीच आखडते. दुपारी ताणून बांधलेली नळी पहाटे सांध्यातून का निसटते, याचे उत्तर इथे आहे. ती बदलून नवी नळी पुन्हा तशीच ताणून बांधली तर तीही निसटेल. अंथरताना थोडी नागमोडी ठेवणे एवढाच त्यावर उपाय आहे. कुरतडलेल्या नळीवर दातांच्या जोडीजोडीने उमटलेल्या खुणा दिसतात. तिथे तुकडा बदलावा, आणि उंदीर वा खारी पाण्यासाठी येत असतील तर जवळ पाण्याचे पसरट भांडे ठेवून पाहावे. उन्हाने जीर्ण झालेली नळी मात्र ओळखू येते : दोन बोटांत दुमडली की दुमडीवर करड्या बारीक भेगा उमटतात. अशा भेगा ठिकठिकाणी दिसल्या तर नळी बदलणे शहाणपणाचे, आणि बदलताना नळीवर आयएस १२७८६ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला आहे का ते पाहून घ्यावे. इनलाइन नळी (ड्रिपर आतच बसवलेली) असेल तर आयएस १३४८८. बाकी वेळी दोन-चार जॉइनर, एक एंड कॅप, मूठभर बूच, एक पंच आणि त्याच नळीचा मीटरभर तुकडा घरात असला की पुरते. तुकडा त्याच बनावटीचा असावा, कारण १६ मि.मी. असे लिहिलेल्या दोन कंपन्यांच्या नळ्यांची जाडी वेगळी निघते आणि एकीत घट्ट बसणारा जॉइनर दुसरीत सैल पडतो.