‘बाई, तुमचा हात छान आहे’

रात्रीचे पावणेबारा वाजलेत. उजव्या तर्जनीला फोड आलाय, पोटऱ्यांत गोळे आलेत, केसांत चमकी आहे, आणि समोर फरशीवर ‘आपला वर्ग, आपलं जग’ ही दहा अक्षरं उताणी पडलीत. परवा रात्री हीच दहा अक्षरं कापली होती. काल भिंतीवर लावली. आज सकाळी वर्ग उघडल्यापासून त्यांतलं एकेक जमिनीवर. म्हणून आज पुन्हा. मला आता कुणाशी तरी भांडायचंय आणि घरातले सगळे झोपलेत, तर तुम्ही ऐका.

या सगळ्याची सुरुवात नेहमी गोड असते. मीटिंग संपत आलेली असते, सगळे पिशव्या आवरत असतात, आणि तेवढ्यात वरून आवाज येतो, “बाई, तुमचा हात छान आहे, वर्गसजावटीचं तेवढं तुम्हीच बघा.” पहिल्या वर्षी मी लाजले होते. खरंच! घरी येऊन सांगितलंही होतं कौतुकाने. आता अकरावं वर्ष आहे. हात छान असणं हा गुन्हा आहे हे मला अकरा वर्षांनी कळतंय. आमच्यातल्या एका सरांनी फार पूर्वी एकदा जगाचा नकाशा उलटा लावला होता. त्यानंतर त्यांना कुणीही, कधीही, काहीही लावायला सांगितलं नाही. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. आता वाटतं, तो माणूस आमच्यातला सगळ्यात हुशार.

बरं, ‘तेवढं बघा’ म्हणजे किती, ते ऐका. आधी अक्षरं. एका अक्षराला एक ए-फोर कागद, म्हणजे रुंदी २१ सेंटीमीटर. दहा अक्षरं, २१० सेंटीमीटर. फळ्याच्या वर मोकळी भिंत आहे सहा फूट, म्हणजे १८३. हा हिशोब चौथीतलं पोर करेल. मी केला, पण दहाही अक्षरं कापून झाल्यावर. मग प्रत्येकाच्या कडा तासत बसले. दोन ओळींत लावूया का, असं विचारलं होतं मी. “नाही बाई, एका ओळीतच शोभतं.” शोभतं! कापणाऱ्याला विचारा काय शोभतं ते.

आणि आपली लिपी! ज्यांची अक्षरं सुटी, ठोकळ्यासारखी असतात त्यांना हे दुखणं कळायचं नाही. आमच्या अक्षरांना वेलांट्या, मात्रा, पोटातली भोकं. ‘व’ चं पोट कापायला कटरचं टोक आत घालून गोल फिरवायचं, आणि शेवटच्या दोन मिलिमीटरला कागद हमखास फाटतो. ‘र्ग’ वरचा रफार शिरोरेषेला जेमतेम दोऱ्याएवढा चिकटलेला असतो. कात्री नुसती जवळ नेली तरी गळून पडतो. मग तो वेगळा कापायचा, वेगळा चिकटवायचा. ‘लं’ वरचा अनुस्वार तर जन्मजातच वेगळा. एक रुपयाच्या नाण्याएवढा लाल ठिपका. त्याच्या मागे टेपचा नखाएवढा तुकडा मावतो, आणि तेवढ्यावर तो एक रात्र काढत नाही.

टेप. टेपवर मला जरा सविस्तर बोलायचंय.

लोक म्हणतात, टेप चांगली घ्या. अहो, टेप चांगलीच आहे! टेप जिला चिकटायचं तिला घट्ट चिकटते. प्रश्न असा की ती भिंतीला चिकटतच नाही, ती चिकटते भिंतीवरच्या भुकटीला. जुन्या रंगावर हात फिरवला की तळव्याला जी पांढरी पूड लागते ना, तिला. मग सकाळी कागद खाली असतो, टेप कागदाला असते आणि टेपवर भिंतीच्या रंगाचा छान पापुद्रा असतो. म्हणजे भिंतही खराब झाली. त्याचं बोलणं पुन्हा मलाच. ओल्या फडक्याने पुसून, पूर्ण वाळवून मग लावलं तर टिकतं, हे मला ठाऊक आहे. पण वाळायला वेळ लागतो आणि वेळ दिलेला असतो ‘उद्यापर्यंत’. शिवाय फोमची जाड दुहेरी टेप लावली तरी तिच्यावर वजन सतत लोंबत असतं, गोंद सावकाश सरकत राहतो, उन्हाने भिंत तापली की आणखी मऊ होतो. म्हणून सगळं पडतं ते आपण नसताना. आपल्या डोळ्यांदेखत कधीही पडत नाही. मुख्याध्यापक बघायला आले की मात्र त्यांच्यासमोर बरोब्बर एक फूल टपकतं.

कागदाचंही तेच. रंगीत कार्डशीट रात्री सपाट असते, सकाळी पन्हळीसारखी वळलेली. मी कित्येक वर्षं गोंदालाच शिव्या घातल्या. मग कळलं की कागदाला दिशा असते. आतले तंतू बहुतेक एकाच बाजूने निजलेले असतात आणि ओलावा लागला की ते लांबीत नाही, जाडीत फुगतात. एका अंगाला पांढरा गोंद थापला की ते अंग फुगतं, दुसरं तसंच राहतं, कागद वळतो. कागद फाडून बघा: एका दिशेने सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेने वेडावाकडा. सरळ फाटतो ती तंतूंची दिशा. घडी त्याच दिशेने घातली तर सुरेख बसते, उलट घातली तर पांढरी चीर पडते. हे ज्ञान मला कुठल्याही प्रशिक्षणात मिळालं नाही. शंभरेक पताका वाया घालवून मिळालं.

ग्लू गनचा तर विषयच काढू नका. नाही, काढतेच. मोठी ग्लू गन गोंदाची कांडी साधारण १९० अंशांपर्यंत तापवते. उकळतं पाणी शंभर अंशांचं. आणि पाणी निदान ओघळून जातं, हा गोंद कातडीला धरून बसतो! फुंकर मारत नळाकडे धावायचं आणि वाटेत पायाला थर्माकोलचे मणी चिकटवून घ्यायचे. ते मणी कसे झाडूला दाद देत नाहीत, बघितलंयत? झाडू फिरवला की आणखी भारित होऊन झाडूलाच चिकटतात. गेल्या वर्षी सूर्यमालेसाठी थर्माकोलचा मोठा गोळा आणला, त्यावर हौसेने पिवळा स्प्रे रंग मारला. त्या रंगातल्या द्रावकाने थर्माकोल खाल्लं. माझ्यासमोर सूर्य विरघळला हो! चुर्रर्र आवाज करत. त्याला भोकंच भोकं पडली. शेवटी त्याला करडा रंग दिला आणि चंद्र म्हणून लावला.

आणि ते व्हिडिओ. ‘पाच मिनिटांत वर्गसजावट.’ दोन गोरेपान हात, स्वच्छ टेबल, एक घडी, दुसरी घडी, टिचकी वाजवली की फुलपाखरू तयार. त्या बाईंना ढोपराशी येऊन “आई, माझी वही कुठंय” विचारणारं कुणी नाही का? तिची कात्री कधीच हरवत नाही? माझ्याकडे कात्री वापरून खाली ठेवली की ती पृथ्वीच्या पोटात जाते. आत्ता मी तीन कात्र्या घेऊन बसले होते, त्यातली एक सापडत नाहीये आणि दुसरीवर मी बसलेय हे मला आत्ताच कळलं.

‘टाकाऊतून टिकाऊ’ ज्याने काढलं त्याला एकदा आमच्या वर्गात आणून उभं करा. टाकाऊतून आजवर काहीही टिकाऊ झालेलं नाही. टाकाऊतून वेगळ्या आकाराचं टाकाऊ होतं, एवढंच. मुलांना म्हटलं, रिकाम्या बाटल्यांची झाकणं आणा. तिसऱ्या दिवशी कपाटाबाहेर मुंग्यांची रांग, कारण अर्धी झाकणं धुतलेलीच नव्हती. मग ती मीच धुतली. एकशे बासष्ट झाकणं.

हे सगळं मी सहन केलं असतं. हौस आहे मला, खोटं कशाला बोलू. रंगीत कागदाचा नवा गठ्ठा उघडला की अजूनही बरं वाटतं. पण माझं डोकं खरं फिरतं ते पुढच्या गोष्टीने.

एका मुलीने सूर्य काढला होता. निळे डोळे, जाड मिशा, आणि किरण फक्त एका बाजूला, कारण दुसऱ्या बाजूला कागद संपला. फार भारी सूर्य होता. मी तो दरवाजाशी लावला. दुसऱ्या दिवशी निरोप आला: पाहुणे येणार आहेत, तो जरा काढा, विद्रूप दिसतो. त्या जागी नीटनेटकं काहीतरी लावा. आणि खाली पट्टी लावा, ‘मुलांनी बनवलेले’.

म्हणजे मुलीने बनवलेलं काढायचं, मी बनवलेलं लावायचं आणि खाली लिहायचं मुलांनी बनवलेलं. वर सूचना अशी की फार सफाईदार नको, मुलांचं वाटलं पाहिजे. पण नीटनेटकंही हवं. मग मी काय करते, ठाऊक आहे? मी डाव्या हाताने काढते. चाळिशी उलटलेली बाई रात्री स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून सहा वर्षांच्या मुलाची सही डाव्या हाताने गिरवतेय! याला खोटी कागदपत्रं करणं म्हणतात. फक्त त्याला चमकी लावली की त्याचं नाव उपक्रम होतं.

त्या चमकीबद्दलही सांगून टाकते. ती म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पडद्याचा चुरा असतो, म्हणूनच ती मरत नाही. युरोपीय संघाने २०२३ च्या ऑक्टोबरात अशी सुटी प्लास्टिकची चमकी विकायलाच बंदी घातली. बातमी वाचून मी एकटीच टाळ्या वाजवत बसले होते.

आणि हे नक्की कुणासाठी चाललंय? सहा वर्षांचं मूल सरासरी ११५ सेंटीमीटर उंचीचं असतं. आमचे सगळे तक्ते पाच फुटांच्या वर, म्हणजे दीडशे सेंटीमीटरच्या पुढे, कारण पाहुण्यांच्या डोळ्यांना ते तिथे नीट दिसतात. मुलांना तक्त्याच्या खालच्या कडेला सुटलेली टेप दिसते, आणि ती ती ओढतात. मी असते तर मीही ओढली असती.

कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ॲना फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केलाय. बालवर्गातली २४ मुलं घेतली. काही धडे सजवून भरलेल्या वर्गात शिकवले, काही कोऱ्या भिंतींच्या वर्गात. भरलेल्या वर्गात मुलांचं लक्ष सुमारे ३९ टक्के वेळ भलतीकडे होतं, कोऱ्या वर्गात २८ टक्के. नंतरच्या चाचणीत भरलेल्या वर्गातल्या धड्यांची ४२ टक्के उत्तरं बरोबर आली, कोऱ्या वर्गातल्या धड्यांची ५५ टक्के. छोटासा प्रयोग आहे, मान्य. भिंती भुंड्याच ठेवा असं मीही म्हणणार नाही. पण चार भिंतींपैकी निदान एक तरी मोकळी सोडा की! मी तो निबंध छापून मीटिंगला नेला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मुख्याध्यापक म्हणाले, “फारच छान माहिती आहे बाई. याचाच एक रंगीत तक्ता करून वर्गात लावा.”

मी काही बोलले नाही. मी कार्डशीट आणायला गेले. बिल जोडा म्हणतात. गेल्या वर्षीची बिलं अजून फायलीत आहेत. त्यांना निदान तिथे टिकायला जागा मिळाली.

तर आज सकाळचं राहिलंच. रफार पडला होता, अनुस्वार पडला होता. आठवड्याचा शब्दसंग्रह वाढवायला म्हणून एक पोरगं वर बघत मोठ्याने वाचत होतं, “आपला वग, आपल जग.” मग मला विचारतं, “बाई, वग म्हणजे काय?” मी म्हटलं, हे जे चाललंय ना तेच. ते म्हणालं, “आणि ‘आपल’ वर टिंब पाहिजे ना?” मी हो म्हटलं आणि रफार शोधायला टेबलाखाली वाकले. वर येते तो हे बाकावर उभं, आणि बॉलपेनने भिंतीवर, जिथे अनुस्वार होता बरोबर तिथे, भला मोठा ठिपका गिरवतंय. जीभ बाहेर काढून, दाबून दाबून.

मी ओरडायला हवं होतं. नाही ओरडले. दिवसभरात ‘प’ पडला, ‘ज’ पडला, माझी दोन फुलं पडली. तो ठिपका आहे तिथे आहे.

दुपारी मुख्याध्यापकांनी तो बघितला आणि उद्या पाहुणे यायच्या आत पुसून टाकायला सांगितलं. घासून बघितला मी, ओल्या फडक्याने, खोडरबराने, नखाने. बॉलपेन आहे. निघत नाहीये.