तिसऱ्या पंगतीचा रस

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पंगतीतून मला उठवलं. जेवण आटोपल्यावर नव्हे, पोळीचा तुकडा रसात बुडून तोंडाकडे निघाला होता तेव्हा. वय 42, दोन मुलांचा बाप, आणि भर ओसरीत हात कोपरात दुमडून उभा.

उठवणारे आमचे फुवा. म्हणजे मोठ्या आत्याचे यजमान. पारोळ्याकडच्या आमच्या गावी दर आखाजीला येतात आणि आल्या आल्या पंगतीचा ताबा घेतात. त्यांना तो कुणी दिलेला नाही. पांढरं धोतर, खांद्यावर गमछा, ओसरीच्या खांबाला पाठ. कोण कुठे बसणार ते तिथून ठरतं.

"ऊठ रे भो."

"फुवा, मी बसलोय."

"तेच ते सांगी ऱ्हायनू. जवाई उभा शेतस नि तू बठी गया?"

"हात उष्टा झालाय."

"मंग धोई टाक. पानी शे ना!"

"निदान एवढी पोळी..."

"रस काय पयी चालना का?"

रस पळून जाणार नव्हता हे मलाही ठाऊक होतं. पहाटेपासून तो मीच पिळत होतो. गावरान आंबे बादलीत भिजवायचे, एकेक घोळवून मऊ करायचा, देठाकडचा चीक टाकायचा, मग पिळायचा आणि कोय पातेल्याच्या कडेला झटकायची. कोपरापर्यंत चिकट झालो, माश्या आल्या त्या वेगळ्याच. तेव्हा कुणी म्हणालं नाही की, ऊठ, जावई बसतील.

मी उठलो. फुवांनी मग मला खालून वर निरखलं. माणसाला आधी उठवायचं आणि चौकशी नंतर करायची, ही त्यांची रीत.

"कोना पोर रे तू?"

"नानांचा."

"मोठा का धाकला?"

"मोठा."

"पुनाले ऱ्हास तो?"

"हो."

"पगार कितला शे?"

पंगतीत दोन्ही बाजूंना बसलेली सगळी मंडळी घास थांबवून ऐकू लागली. कुरडयांचा आवाजसुद्धा बंद झाला. मी आकडा सांगितला, थोडा वाढवूनच. फुवांनी गमछ्याने मान पुसली.

"इतलामा भागस का तुनं?"

"भागतं कसंबसं."

"मंग पुनामा इकत लिसन खाय ना रस!"

सगळी ओसरी हसली. माझा सख्खा भाऊ सगळ्यात मोठ्याने. तो बसलेला होता ना.

माझ्या जागेवर बसले ते चुलत बहिणीचे यजमान. नवे जावई, स्वभावाने गरीब. "अहो, बसू द्या त्यांना," असं ते दोनदा म्हणालेही. त्यांच्यासमोर रसाची नवी वाटी आली, खापरावरची नवी पोळी आली, तूप आलं. त्यांनी वाटी हळूच बाजूला सारली आणि म्हणाले, "मला शुगर आहे." रशी-भात खाऊन उठले. ती वाटी तशीच राहिली. तिच्यात एक मुंगळा पडला, तो मी शेवटपर्यंत पाहिला.

आमच्याकडचा क्रम असा: घागर भरून, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवून पहिला मान पितरांचा. मग जावई. मग दुपारची एसटी गाठायची असलेले पाहुणे, मग पोरं, मग आम्ही. म्हणजे या घरात मान मिळवायचा तर एकतर मरावं लागतं किंवा इथल्या मुलीशी लग्न करावं लागतं. दुसरा मार्ग मला बंद आहे आणि पहिल्याची घाई नाही.

हात धुवून निंबाखाली बसलो. पारा 43च्या वर. कूलर एकच, आणि तो कुणाच्या खोलीत होता ते सांगायला नको. समोर आमचं घर दिसत होतं. इंग्रजांनी 1906 साली खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, 1998 साली धुळ्यातून नंदुरबार वेगळं निघालं. एवढा मुलूख वाटला गेला, पण जळगावकर धुळेकराशी बोलायचा थांबला नाही. आमच्या चार खोल्या वाटल्या तेव्हापासून आप्पा आणि तात्या बोलत नाहीत. पंगतीला मात्र मांडीला मांडी लावून बसतात आणि मीठ तिसऱ्याकडून मागवतात. जेवणं झाली की गोठ्यात पत्त्यांचा डाव पडतो, आखाजीला त्याची मुभा असते. तिथे दोघं एकमेकांशी 'चाल' आणि 'शो' एवढंच बोलतात. वर्षभराचा संवाद त्यात उरकतो.

तिसरी पंगत बसली तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. रस आला. त्यात दूध होतं, पाणी होतं, बर्फ तर ढीगभर. आंबा कुठे दिसेना. पोळी बुडवली की थेंब परत वाटीत. मी वाढणाऱ्या पुतण्याकडे पाहिलं, तर तो म्हणाला, "काका, गारेगार आहे ना?"

मी तक्रार करायला चुलीकडे गेलो. तिथे माय खापरासमोर बसलेली. पोळी दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवायची आणि उपड्या खापरावर अलगद टाकायची, हे सकाळपासून चाललेलं. लाकडांचा धूर, वर पत्रा. काकू तिला कणीक देत होती. दोघीही जेवलेल्या नव्हत्या. माझी तक्रार तिथे करता येईना, याचाही मला रागच आला.

"तुमची पंगत कधी?" मी विचारलं.

"बसू ना भाऊ, भांडे झाले की," माय म्हणाली. "रस नाही उरला तरी चालतं आम्हाला."

चालतं! कुणी ठरवलं चालतं म्हणून? खांबाला टेकून पंगती लावणारे फुवा या चुलीकडे कधी फिरकलेले मी पाहिले नाहीत. बायकांची पंगत लावायला कुणीच खांबाला टेकत नाही.

रात्री घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर हिशेब आला. आंबे, हरभऱ्याची डाळ, गूळ, तूप, लाकडं, कूलरचं भाडं, बर्फ. घरटी सारखी वर्गणी. हिशेब करणारे अर्थात फुवाच. यादीत नानांच्या नावापुढे माझं नाव, रक्कम आणि हात जोडल्याचं चित्र. वरपासून खालपर्यंत वाचली, फुवांचं नाव कुठेच नाही.

गच्चीवर ते पहुडले होते, उशाला स्टूलपंखा. मी विचारलं, "फुवा, तुमची वर्गणी?"

ते कुशीवर वळले.

"मी ते जवाई शे ना भो!"

पैसे मी पाठवले. बर्फाचे कापून.